आबांच्या गोष्टीतला भला खुनी

लग्न होऊन मी शहादा तालुक्यातल्या तापीकाठच्या एका गावात आले, ते साल एकोणीसशे साठच्या जरा आधीचं. तेव्हा आमचा मुलूख धुळ्याखाली होता. सासरी केळी, कापूस, थोडा ऊस असं बऱ्यापैकी होतं. घरात सासूबाई, माझे यजमान आणि सासऱ्यांचे धाकटे भाऊ. त्यांना सगळा गाव आबा म्हणायचा. आबा पोलिसात जमादार होते. नोकरी संपवून ते घरी येऊन राहिले होते. बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. जाडजूड मान, ओठ सतत तंबाखूने माखलेले, आणि खाटेशेजारी पितळेची पिकदाणी. ती रोज सकाळी घासायचं काम नव्या सुनेचं, म्हणजे माझं. राख हातात घेतली की माझा श्वास आपोआप कोंडायचा.

त्या पिकदाणीची मला पहिल्यापासून किळस होती. आबांच्या गोष्टींची नव्हती. गोष्टी मला आवडायच्या.

कापसाची वेचणी आटोपली की हिवाळ्यात दिवेलागणीला आमच्या ओट्यावर माणसं जमत. पुरुष ओट्यावर गोणपाटांवर, बायका आत, उंबऱ्याच्या अलीकडे. आबा खाटेवर बसून आपल्या नोकरीतले खून, दरोडे सांगायचे. एक गोष्ट पंधरवडा पंधरवडा चालायची. जेवणाच्या वेळेला ऐन मोक्यावर ते थांबायचे आणि म्हणायचे, "बाकीनं सकाय." सकाय म्हणजे उद्या. मग लोक हळहळत घरी जायचे आणि दुसऱ्या दिवशी कामं लवकर उरकून पुन्हा यायचे.

सांगण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती. खून कधीच पहिल्या दिवशी सांगायचे नाहीत. आधी चुलीवरचं दूध उतू गेलेलं, कुत्रं भाकरीला तोंड न लावता बसलेलं, मोटेचा आवाज मध्येच बंद पडलेला. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आला की मग प्रेत. आणि मारणारा कोण ते आपल्याला लवकरच कळायचं, पण तोवर तो आपल्याला आवडायला लागलेला असायचा. तो रोज सकाळी आईच्या पाया पडायचा, दारातल्या भिकाऱ्याला उपाशी जाऊ द्यायचा नाही, बैलाला काठी लावायचा नाही. आबांच्या गोष्टीत कुणी निखळ वाईट नसे आणि कुणी निखळ चांगलंही नसे. फौजदार पैसे खायचा आणि देवळात जाऊन रडायचा. ऐकता ऐकता एखादा म्हातारा मान हलवून म्हणायचाच, "माणूस वाईट नही, येळ वाईट व्हती."

हल्ली टीव्हीवर गुन्ह्यांच्या मालिका लागतात आणि माझी नातवंडं त्यातल्या खुन्यांची बाजू घेऊन भांडतात. त्यांना ते नवीन वाटतं. मी उठून दुसऱ्या खोलीत जाते.

त्या वर्षीच्या थंडीत आबांनी जी गोष्ट लावली, ती एका केळीबागेच्या मालकाची होती. तरणा, देखणा, विधवा आईचा एकुलता एक मुलगा. त्याच्याकडे डोंगरातला एक सालदार होता, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. हा सालदार, आबा सांगायचे, चोर होता. बागेतले घड परस्पर विकायचा. मालकाच्या बहिणीवर नजर ठेवायचा. एकदा म्हातारीच्या देवघरात ठेवलेल्या पाटल्या गेल्या, आणि खिडकीखालच्या ओल्या मातीत पावलं सापडली. डाव्या पायाला सहा बोटं.

इथे आबा थांबले होते. दुसऱ्या दिवशी ओटा पुरला नाही.

मग रोज थोडं थोडं. मालक त्याला माफ करतो, तो पुन्हा चोरतो. मालक त्याला समजावतो, तो दात काढून हसतो. शेवटी एका दुपारी बहिणीची किंकाळी ऐकू येते, मालक धावतो, हाताला येईल ते उचलतो, आणि सालदार पडतो. विहीर जवळच असते. मग जमादार तपासाला येतो. तो सगळं ओळखतो. पण मालकाची म्हातारी त्याच्या पायांवर डोकं ठेवते आणि म्हणते, माझा दिवा विझवू नका. जमादार आठवडाभर झोपत नाही. आणि पंचनाम्यात लिहितो की पाय घसरून विहिरीत पडला.

"बरं करं," ओट्यावरून कोणीतरी म्हणालं. "काय करस बिचारा!"

आबांनी डोळे मिटून घेतले. त्या बिचाऱ्या जमादाराचं कौतुक ते असं ऐकत होते, की माझ्या मनात पहिल्यांदा काहीतरी खटकलं.

याच सुमारास शेजारच्या गावचे एक मोठे बागायतदार गोष्टीला येऊ लागले. चाळिशीचे, गोरेपान, स्वच्छ धोतर. दमणीतून, म्हणजे हलक्या बैलगाडीतून यायचे. आबांच्या खाटेवर, उशाशी बसायचे. कुणाशी फार बोलायचे नाहीत, पण गोष्ट रंगली की त्यांच्या ओठांवर हसू यायचं, आणि म्हातारीने जमादाराचे पाय धरले त्या दिवशी त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. येताना प्रत्येक वेळी केळीचा घड आणायचे. घरात इतकी केळी झाली की आम्ही गाईला घालायचो.

आमच्या गोठ्यात काम करायला एक पावरा आदिवासी बाई होती. तोरणमाळच्या पायथ्याकडच्या एका पाड्यावरची. झाडणं, शेण काढणं, सारवणं, संध्याकाळची धार. बरोबर पाच-सहा वर्षांची मुलगी. दोघी गोठ्यालगतच्या पडवीत राहायच्या. गोठा आणि ओटा यांच्यात एक कुडाची भिंत, त्यामुळे धार काढताना तिला गोष्ट ऐकू यायची. आबांनी तिच्याकडे कधी मान वर करून पाहिल्याचं मला आठवत नाही.

एका दुपारी सासूबाई शेजारी गेल्या होत्या. मी मागच्या अंगणात मिरच्या वाळत घालत होते. ती आली आणि माझ्यासमोर उकिडवी बसली.

"बाई, आबा ज्यानं सांगी ऱ्हायनात ना, सहा बोटंवाला… तो मन्हा माणूस शे."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "अगं, ती गोष्ट आहे."

तिने मुलीला हाक मारली, तिला मांडीवर घेतलं आणि तिचा डावा पाय माझ्यासमोर धरला. करंगळीशेजारी आणखी एक इवलं बोट होतं, त्याला नखही होतं.

घरी ती पावरी बोलायची. माझ्याशी मोडक्यातोडक्या अहिराणीत, अडखळत अडखळत बोलत होती, पण तिने सांगितलं ते सरळ होतं. तिचा नवरा खाली केळीच्या बागेत सालदार होता. ती पाड्यावर बाळंत झाली होती. होळीच्या आधी भोंगऱ्याचा बाजार भरतो, तेव्हा डोंगरातली सगळी माणसं घरी येतात. त्याने मालकाकडे चार दिवसांची रजा मागितली. मालकाने दिली नाही, तर तो न सांगता निघून आला. मुलीला पाहिलं. तिला मांडीवर घेऊन ढोल ऐकत बसला. मग परत गेला. तो नसताना पाणी द्यायला कोणी नव्हतं आणि केळीची कोवळी रोपं सुकली होती. मालकाने त्याला इंजिनाच्या लोखंडी दांड्याने मारलं. तो निपचित पडला तरी मारलं. हे सगळं बरोबरच्या दुसऱ्या गड्याने पाहिलं होतं आणि त्यानेच महिन्याने पाड्यावर येऊन तिला सांगितलं. निरोप पोचेपर्यंत प्रेत पुरून झालं होतं. पोलिसांनी विहीर सांगितली. तिने पोलिसांना पाहिलंही नव्हतं.

"मालक कोण?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"तोच. दमणीवाला."

"मग तू रोज इथे…"

"माले काय म्हाईत, बाई? नाव, गाव आते ऐका. त्यानं तोंड मी कधी दखं नव्हतं." मग मुलीचा पाय पदराखाली घेत म्हणाली, "मारं ते मारं. पण चोर काबर म्हंतस त्याले?"

तिला खुनापेक्षा त्या पाटल्यांची चीड आली होती. माणूस मेला होता, त्याला सहा वर्षं होत आली होती, ते तिने कसंतरी गिळलं होतं. आता रोज संध्याकाळी साठ-सत्तर माणसांसमोर तो चोरी करत होता, बायकांकडे बघत होता, दात काढून हसत होता. आणि ती गाईखाली बसून ते ऐकत होती.

मी रात्री यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, आबा म्हातारे आहेत, करमणूक करतात लोकांची, तू मध्ये पडू नकोस. सासूबाईंच्या कानावर घातलं तर त्या म्हणाल्या, "मोठ्यासनं मोठ्यासले माहीत."

दुसऱ्या दिवशी गोष्ट सुरू झाली. पंचनामा झाल्यावर जमादार मेलेल्या सालदाराच्या झोपडीची झडती घेत होता आणि पाटल्या आता सापडणार, इतक्यात गोठ्याचं दार वाजलं. ती मुलीला कडेवर घेऊन ओट्याच्या पायरीशी येऊन उभी राहिली. कंदिलाचा उजेड तिच्या तोंडावर पडला होता. तिचे डोळे कोरडे होते. हे मी मुद्दाम सांगते आहे.

"आबा, तुम्ही खोटं सांगी ऱ्हायनात. मन्हा माणूस चोर नही व्हता."

आणि तिने मुलीचा पाय पुढे केला.

बागायतदार खाली बघू लागले. मला वाटलं, आता काहीतरी होईल. कोणीतरी उठेल, कोणीतरी आबांना विचारेल. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक आवाज आला, "गप बठ ना वं! मंग आबा, पाटल्या सापडन्यात का?"

दोन-चार जण हसले. ती होती तिथेच उभी राहिली. आबा मात्र मुलीच्या पायाकडे बघत होते. बैलबाजारात जनावराचे दात बघावेत तसे, शांतपणे, किंमत करत. मग ते म्हणाले, "बाकीनं सकाय."

मी समजले की निदान लाज तरी वाटली. रात्रभर तेच समाधान होतं.

दुसऱ्या दिवशी आबांनी तिलाच गोष्टीत घातलं.

तीच पायरी, तोच कंदील, कडेवर तीच मुलगी. तिचे शब्दसुद्धा जसेच्या तसे. फक्त आबांच्या गोष्टीतली विधवा धाय मोकलून रडत होती. ती मालकाच्या दारात येते, मुलीचा पाय पुढे करते. ती सहा बोटं पाहून मालकाच्या काळजात चर्र होतं. तो मुलीला मांडीवर घेतो, तिच्या पायात चांदीचे वाळे घालतो आणि म्हणतो, आजपासून ही माझी. आणि विधवा त्याच्या पायांवर पडून म्हणते, मालक, तुमचा दोष नाही, माझ्या नशिबातच होतं.

आत बायका पदराने नाक पुसत होत्या. सासूबाई हुंदके देत होत्या. बाहेर म्हातारे "वा, वा" करत होते. त्या बागायतदारांच्या गालांवरून खरोखरीचं पाणी ओघळत होतं, आणि ते पुसायचंही त्यांनी सोडून दिलं होतं, सगळ्यांना दिसावं म्हणून. कुडाच्या पलीकडून धारेचा आवाज येत होता, चुर्र चुर्र, एकसारखा.

मी उठून परसात गेले आणि भडाभडा ओकले. सासूबाईंना वाटलं, मला दिवस गेले. त्या आनंदाने पाठीवरून हात फिरवू लागल्या. ते खरंही निघालं, पण ती ओकारी त्याची नव्हती.

पुढच्याच आठवडेबाजाराच्या दिवशी दमणी भर सकाळी आमच्या दारात उभी राहिली. बागायतदार उतरले, हातात लाल फडकं. त्यांनी ते ओट्यावर उघडलं. आत चांदीचे वाळे होते. गोष्टीतल्यासारखे.

बघता बघता गल्ली भरली. आबांनी तिला हाक मारायला लावली. ती गोठ्यातून आली, कोपरापर्यंत शेणाने भरलेले हात घेऊन. मुलगी तिच्या लुगड्याला धरून होती. बागायतदार वाळे हातात घेऊन वाकले. त्यांचे डोळे आधीच भरून आले होते. सगळे श्वास रोखून उभे होते. पुढचं सगळं त्यांना ठाऊक होतं. आता ती रडणार, पाया पडणार.

तिने मुलीला मागे घेतलं.

"आधी सांगा," ती म्हणाली.

"काय?"

"तो इहीरमा पडना नही, मी मारं, असं सांगा. सर्वासमोर."

बागायतदारांनी आबांकडे पाहिलं. गोष्टीत हे नव्हतं. आबा घरात, गावात अहिराणीतच बोलत. पण तेव्हा त्यांनी कचेरीतली मराठी काढली. "बाई, अशा प्रसंगी असली भाषा शोभत नाही. मनुष्य मोठ्या मनाने दारी आला आहे. स्वीकार करावा."

"ली ले ना वं!" गर्दीतून बायका ओरडू लागल्या. "चांदी शे!" कोणी म्हणालं, माजली आहे. परवापरवा जिच्यासाठी रडून डोळे सुजवले होते, तीच बाई समोर उभी राहिली, तर त्यांना तिचा राग आला. तिने शेवट बिघडवला होता.

तिने आणखी एकदा बागायतदारांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांनी वाळे फडक्यावर परत ठेवले. मग ती हौदावर गेली, हात स्वच्छ धुतले, पडवीतलं गाठोडं घेतलं, मुलीला खांद्यावर बसवलं आणि गर्दीतून वाट काढत निघून गेली. मी मागच्या दाराने धावत जाऊन तिला भाकऱ्या आणि गुळाचा खडा दिला. तिने घेतलं. "जास, बाई," इतकंच म्हणाली.

वाळे ओट्यावरच राहिले होते. सासूबाईंनी उचलून ट्रंकेत ठेवले.

त्या दिवसापासून मी संध्याकाळी आत स्वयंपाकघराचं दार लावून बसू लागले. तरी आवाज यायचाच. आबांनी शेवट पुन्हा बदलला होता. आता ती विधवा कृतघ्न निघाली होती, आणि मालक जन्मभर तिच्यासाठी झुरत राहिला होता. लोकांना हा शेवट जास्त आवडला. गावोगावचे लोक तो ऐकायला यायचे. एका सकाळी मी पिकदाणी न घासताच खाटेशेजारी परत ठेवली. मी ते काम करणार नाही असं सांगितलं. पोटुशी म्हणून मला सूट मिळाली.

मला मुलगी झाली. बारशाला सासूबाईंनी ट्रंक उघडली आणि तेच वाळे काढले. घासून लखलखीत केलेले. मी बाळाचे पाय दुपट्यात गुंडाळून घेतले.

"हे माझ्या मुलीच्या पायात जाणार नाहीत."

आमच्याकडे सून चुलतसासऱ्यांसमोर तोंड उघडत नसे. आबा खाटेवरून पुन्हा त्या कचेरीतल्या मराठीत म्हणाले, "का? चांदी चोख आहे."

मी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि पहिल्यांदाच थेट त्यांच्याशी बोलले. "आबा, तो पंचनामा तुम्हीच केला होता. प्रेत तुम्ही पाहिलं होतं. दांड्याचे वळ तुम्ही पाहिले होते."

मला वाटलं, ते ओरडतील. ते ओरडले नाहीत. त्यांनी तंबाखूची गोळी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली आणि अगदी मायेने म्हणाले, "सुनबाई, पाहिलं तसं सांगितलं असतं, तर ओट्यावर कोण बसलं असतं? एका धन्याने गड्याला मारलं. ही काय गोष्ट आहे?"

"मग त्याला चोर कशाला केलंत?"

"त्याशिवाय मालक कसा आवडेल?"

त्यांना खरंच प्रश्न कळला नव्हता. एखाद्या कारागिराने आपली युक्ती समजावून सांगावी तसे ते सांगत होते. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यातून तपकिरी लाळ हनुवटीवर आली होती. मी बाळाला घेऊन आत गेले. वाळे मुलीच्या पायात गेले नाहीत. त्यांचं पुढे काय झालं, मी विचारलं नाही. यजमान महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत.

बागायतदार पुढे त्यांच्या गावचे सरपंच झाले. आबा दोन हिवाळे आणखी जगले आणि झोपेतच गेले. दहाव्याला माणसं इतकी आली की घाटावर जागा नव्हती. सगळे एकच बोलत होते, असा सांगणारा पुन्हा होणे नाही. मी भात कालवत होते. माझ्या डोळ्यांत टिपूस आलं नाही.

साठच्या दशकाच्या मध्यावर यजमानांना तहसिलात कारकुनाची जागा मिळाली आणि आम्ही धडगावला गेलो. शहाद्याहून जीपने घाट चढताना मुलीला तीनदा उलटी झाली. पहिल्याच बाजारी मी चारोळी घ्यायला वाकले, तर विकणारी बाई माझ्याकडे बघून हसली. केस पिकायला लागले होते, पण तीच होती. शेजारी मुलगी डिंकाची पाटी घेऊन बसली होती, आईपेक्षा उंच होत चाललेली.

तिने माझ्या मुलीला जवळ ओढलं, तिचं तोंड कुरवाळलं. मी सांगितलं, आबा गेले.

"बरं," ती म्हणाली. मग आमच्या कपिला गाईचं विचारलं. तिचीच धार ती काढायची. म्हटलं, विकली. तिला वाईट वाटलं. चांगली गाय होती, पान्हा चोरायची नाही, ती म्हणाली, आणि कोणाला विकली, तो नीट ठेवतो का, असं बराच वेळ विचारत राहिली. तिने दुसरं घर केलं होतं. नवऱ्याची डोंगरउतारावर थोडी जमीन होती, तिथे काकडी बरी येते म्हणाली. तिने चारोळी पानात बांधली, वर मूठभर घातली, आणि मला एकटीला चढ चढवणार नाही म्हणून माझी पिशवी काखेत मारून आमच्या खोलीपर्यंत पुढे पुढे चालत आली.